वाचकांचे प्रश्न : रुंद पडदा आणि ॲनामॉर्फिक लेन्स

प्रश्न : आम्ही काही मित्र सांगलीत एक लघुपट करीत आहोत. बरेचसे चित्रण कृष्णेच्या घाटावर आणि आयर्विन पुलावर आहे. आमचा मिररलेस कॅमेरा १६:९ प्रमाणाची फ्रेम घेतो. सिनेमास्कोपसारखी रुंदी मिळवण्यासाठी ॲनामॉर्फिक लेन्स भाड्याने आणावी, की साध्या लेन्सने चित्रण करून संकलनात वर-खाली काळे पट्टे टाकावेत?
— एक वाचक, सांगली

उत्तर : केवळ रुंदीच हवी असेल, तर पट्टे टाकण्यात काहीही कमीपणा नाही. ३८४० बाय २१६० पिक्सेलच्या चित्रातून सिनेमास्कोपसारखी २.३९:१ (रुंदी : उंची) ही चौकट कापली, तर उंचीचे सुमारे १६०७ पिक्सेल उरतात. चौथा हिस्सा गेला तरी लघुपटाला उरलेले पुरेसे असते. शिवाय एखाद्याचे डोके चौकटीबाहेर गेले असेल, तर संकलनाच्या वेळी ती चौकट थोडी वर सरकवता येते.

ॲनामॉर्फिक लेन्सचे काम वेगळे आहे. ती दृश्य आडव्या दिशेने दाबून सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातील चित्र टिपणाऱ्या पट्टिकेवर, उतरवते आणि नंतर ते ताणून पूर्ववत करावे लागते. लेन्सचा मिमीचा आकडा (नाभीय अंतर) जितका कमी, तितके दृश्य रुंद. दुप्पट दाबणारी ५० मिमीची लेन्स उभ्या दिशेने ५० मिमीइतकेच पाहते, मात्र आडव्या दिशेने २५ मिमीच्या लेन्सइतके पाहते. त्यामुळे रुंद दृश्यातही पार्श्वभूमी लांब पल्ल्याच्या लेन्सप्रमाणे धूसर राहते, फोकसबाहेरचे दिवे उभे लंबगोल दिसतात आणि समोरून प्रखर उजेड आला की चित्रावर आडवी रेघ उमटते. रुंदीच्या नावाखाली बहुतेकांना हवे असते ते हेच.

तुमची अडचण सेन्सरची आहे. १६:९ फ्रेमवर दुप्पट दाबणारी लेन्स लावली, तर ताणल्यानंतर चित्र जवळजवळ ३.५६:१ होते आणि दोन्ही बाजूंचा मिळून सुमारे एकतृतीयांश भाग टाकून द्यावा लागतो. यासाठीच १.३३ पट दाबणाऱ्या लेन्स निघाल्या. त्यांनी प्रमाण साधारण जुळते, पण लंबगोल दिवे आणि धूसरता बरीच सौम्य होते. भाडे ठरवण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे, आणि आपल्या कॅमेऱ्यात ३:२ किंवा ४:३ प्रमाणात चित्रण करण्याची सोय आहे का, हेही पाहावे; तशा कमी रुंद फ्रेमवर दुप्पट दाबणारी लेन्स लावली, तर कमी भाग टाकावा लागतो.

पुलाबाबत एक सूचना. रुंद ॲनामॉर्फिक लेन्समध्ये चौकटीच्या कडेजवळच्या सरळ रेषा वाकतात, त्यामुळे कठडा चौकटीच्या तळाशी किंवा माथ्याशी ठेवला, तर तो कमानीसारखा दिसेल. तो मध्यावर ठेवावा. माझे मत विचाराल, तर पुलावरील रात्रीच्या दिव्यांवर कथा उभी असेल तरच ही लेन्स आणावी. घाटाच्या पायऱ्या उतरणाऱ्या माणसांसाठी साधी लेन्स आणि पट्टे पुरेत. मात्र पट्ट्यांची चौकट चित्रणाच्या वेळीच मॉनिटरवर आखून घ्यावी.

प्रश्न : सिनेमास्कोपच्या सुरुवातीच्या चित्रपटांत जवळून घेतलेले चेहरे रुंद का दिसतात?
— एक वाचक, सातारा

उत्तर : फ्रेंच संशोधक आंरी क्रेतिएँ यांच्या तंत्रावर आधारलेली ही पद्धत ट्वेन्टिएथ सेंच्युरी फॉक्सने १९५३ मध्ये पडद्यावर आणली, आपल्याकडचा ‘कागज के फूल’ हा या पद्धतीचा चित्रपट १९५९ चा. त्या लेन्समध्ये वस्तू जवळ आली की दाबण्याचे प्रमाण दुपटीहून कमी होई, प्रोजेक्टर मात्र चित्र ठरल्याप्रमाणे दुप्पटच ताणत असे. परिणामी गाल फुगलेले दिसत आणि अमेरिकेतील मंडळी या दोषाला गालगुंड म्हणत. पुढे पॅनाव्हिजन या लेन्स बनवणाऱ्या कंपनीने फोकसबरोबर फिरणारी जादा भिंगे बसवून चेहऱ्यावरील प्रमाण स्थिर राखले आणि तो दोष पार्श्वभूमीकडे ढकलला, जिथे तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.