वाचक विचारतात : प्रॅक्टिकलचे गुण नक्की कशाचे?

प्रश्न : इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आरसी लो-पास फिल्टरचं (रेझिस्टर-कपॅसिटरचं, फक्त कमी फ्रीक्वेन्सी पुढे जाऊ देणारं सर्किट) प्रॅक्टिकल घेते. बॅच २० जणांची, वेळ २ तास. जर्नलं एकमेकांची बघून लिहिलेली, त्यामुळे टर्मवर्कला सगळेच २५ पैकी २२-२३. ओरलला मात्र सीआरओवर (ऑसिलोस्कोपवर) वेव्हफॉर्म स्थिरही करता येत नाही. जर्नल बंदच करावं का?

उत्तर : जर्नल राहू द्या, त्याचे गुण कमी करा. आधी नक्कल निरुपयोगी ठरेल अशी सोय करा. कपॅसिटर सर्वांना १० नॅनोफॅरडचा, रेझिस्टर मात्र टेबलागणिक वेगळा : ४.७, १०, १५, २२ किलोओहम. कटऑफ, म्हणजे जिच्यापुढे सिग्नल घटत जातो ती फ्रीक्वेन्सी, येईल अनुक्रमे सुमारे ३३८६, १५९२, १०६१ आणि ७२३ हर्ट्झ. 'मोजलेली किंमत' म्हणून कुणी नेमके १५९२ लिहिले, तर ते कॅल्क्युलेटरवरून आले असावेत अशी शंका घ्या; साध्या सिरॅमिक कपॅसिटरचा टॉलरन्सच (छापील किमतीपासूनचा फरक) १० ते २० टक्के असतो. १४०० लिहून, एलसीआर मीटरवर कपॅसिटर मोजून फरकाचं कारण सांगणाऱ्याला जास्त गुण द्या.

खरी परीक्षा ग्राउंड क्लिपची, म्हणजे सीआरओच्या प्रोबला असलेल्या ग्राउंडच्या चिमट्याची. 'रेझिस्टरवरचं व्होल्टेज दाखव' एवढंच सांगा. बरेच जण प्रोबचं टोक इनपुटला आणि क्लिप रेझिस्टर-कपॅसिटरच्या सांध्याला लावतात. जनरेटर आणि सीआरओ दोन्हींचं ग्राउंड मेनच्या अर्थिंगमधून एकच असेल, तर कपॅसिटर शॉर्ट होतो. मग फ्रीक्वेन्सी कितीही बदला, वेव्हफॉर्म हलत नाही, आणि पोरं खूश, की रीडिंग किती स्वच्छ आलं! ज्याला कळतं तो दोन चॅनल घेऊन सीआरओच्या मॅथ फंक्शनमध्ये पहिल्यातून दुसरा वजा करतो. दुसरा सोपा बिघाड : प्रोबचा स्विच गुपचूप १०एक्सवर (सिग्नल दहापट कमी करणाऱ्या खुणेवर) सरकवा, चॅनल १एक्सवरच ठेवा. २ व्होल्टचे ०.२ दिसले की कोण थबकतो, कोण तसंच लिहून घेतो, ते बघा.

वीसही जणांना एकाच दिवशी बघणं होत नाही. दर प्रॅक्टिकलला चिठ्ठ्या टाकून पाच जण, प्रत्येकी ६ मिनिटं. चार प्रॅक्टिकलमध्ये फेरी पूर्ण. १० गुणांपैकी जोडणी ३, बिघाड शोधणं ३, रीडिंग आणि आलेख ३, जर्नल १. स्वतःहून केलं तर ३, एका इशाऱ्यावर २, हाताला धरून करवून घ्यावं लागलं तर १. आलेख सेमीलॉगवरच (फ्रीक्वेन्सीचा अक्ष लॉग स्केलचा) हवा, आणि कटऑफच्या आसपास दाट रीडिंगं हवीत. तिथे बिंदूच नसतील तर −३ डीबी, म्हणजे कटऑफचाच बिंदू, वाचणार कुठून?

प्रश्न : मिनी प्रोजेक्टच्या चार जणांना सारखेच गुण द्यावेत?

उत्तर : निम्मे गटाला, निम्मे एकेकट्याला. चालू सर्किटमधली एक वायर काढा आणि ज्याने जोडणी केली त्याला सोडून दुसऱ्याला मल्टिमीटर द्या.