निचनाईच्या अलीकडे

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा उपवन तलावाच्या काठावर तू काश्मीरच्या सरोवरांचा बेत सांगितलास. सोनमर्ग ते नारानाग, सुमारे ७० किमी, सात दिवस, तेही एकटीनं. तुझ्या आईला धडकी भरली, मला मात्र फार आनंद झाला. विशनसर, गडसर, गंगाबल आणि त्यावर उभा हरमुख पर्वत. हे सगळं तू तुझ्या डोळ्यांनी बघायलाच हवंस.

फक्त एक ऐक. माघारी कुठून फिरायचं, ते घरी बसूनच ठरव.

निचनाईची खिंड चार हजार मीटरच्या वर आहे. ती ओलांडून विशनसरला उतरलीस की सोनमर्गला परतायला तीच खिंड पुन्हा चढावी लागते. म्हणजे उंची बाधत असताना उतरायचं सोडून आधी चढायचं! म्हणून काय तो निर्णय खिंडीच्या अलीकडच्या मुक्कामावर घ्यायचा.

मी घाई केली होती. विमानानं श्रीनगर, दुसऱ्या दिवशी सोनमर्ग, तिसऱ्या रात्री खिंडीखाली तंबू. रात्रभर कपाळ ठणकलं, घास उतरेना, तरी सकाळी निघालोच. बुटाची नाडी सुटली. खाली बसलो, दोन्ही टोकं हातात धरली आणि गाठ कशी मारायची तेच सुचेना. मेंढ्यांमागून येणाऱ्या एका बकरवाल म्हाताऱ्यानं ती बांधून दिली, माझी सॅक खांद्यावर घेतली आणि मला खाली आणलं. दरवेळी असं कुणी भेटेल, या भरवशावर तू जाऊ नकोस.

आपण ठाणेकर खाडीकाठची माणसं. सोनमर्गला दोन रात्री तरी काढ. तीन हजार मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामापेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नको. डोकेदुखीबरोबर मळमळ असेल तर चढणं बंद. तोल जायला लागला किंवा बसल्याजागी धाप लागली, तर थांबूही नकोस, उतर. हे कागदावर लिहून आईकडे दे, एक प्रत सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेव. वर गेल्यावर मन वकिली करतं, तेव्हा हा कागदच कामी येतो.

बाकी थोडक्यात. गॅसची डबी विमानात नेता येत नाही, श्रीनगरला घे. परदेशी व्हिडिओंत दिसणारं उपग्रहाचं मेसेंजर यंत्र आपल्याकडे परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे, मागवू नकोस. लष्कराच्या चौक्यांवर ओळखपत्र बघतात, आधार कार्ड हाताशी ठेव. आणि सरोवरात पोहायचा मोह झाला तरी उतरू नकोस. त्या थंडगार पाण्यात एकदम श्वास कोंडतो आणि काठावर हात द्यायला कुणी नसतं.

रविवारी सकाळी सहाला सॅक पूर्ण भरून उपवनला ये, येऊर चढू. वजनकाटा मी आणतो.

तुझा,
काका