गाव धरणात गेलंय, अण्णांना तिकडं न्यावं का?

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की माझ्याकडं समुपदेशनाला येणाऱ्यांचा एक प्रश्न हमखास असतो. सगळे भाऊबंद जमायलेत, गेट-टुगेदर ठरलंय, दुसऱ्या दिवशी जुनं गाव जुनं घर बघायला जायचंय आणि घरातलं वडीलधारं माणूसच नेमकं नाही म्हणायलंय. मग आग्रह करून न्यावं का, नेलं तर त्रास होईल का, नाही नेलं तर पुढं आपल्यालाच चुटपुट लागेल का. माझं उत्तर आधीच सांगून टाकते. न्यावं, पण त्यांनी स्वतः 'चल' म्हटलं तरच, आणि गेट-टुगेदरच्या गर्दीत तर अजिबात नाही. हे कशावरून म्हणते ते एका घराच्या गोष्टीवरून सांगते, घरच्यांची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

छत्रपती संभाजीनगरात बँकेत नोकरीला असलेली एकजण आली होती, चाळिशीच्या आसपासची. चुलत-आत्ये भावंडांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळं ठरवून टाकलेलं, पैठणला हॉल, साठेक माणसं, आडनाव छापलेले टी-शर्ट (हे टी-शर्टचं खूळ कुठून आलंय देव जाणे, सत्तरीतल्या आत्याबाईंना नऊवारीवर घालायला लावतात), आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठाकाठानं जुन्या गावठाणाकडं जायचं. गाव जायकवाडीत गेलेलं. 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हातून धरणाची पायाभरणी झाली, 1976 ला धरण झालं आणि गोदाकाठची गावंच्या गावं उठून पुनर्वसनात गेली, हे आपल्याकडं बऱ्याच घरांत माहितीये. उन्हाळ्यात पाणी मागं सरकलं की तिथल्या उघड्या गाळात लोक पेरणी, म्हणजे गाळपेर, करतात, आणि 2019 च्या दुष्काळात धरण मृतसाठ्यात गेलं तेव्हा ह्यांच्या एका चुलत्यानं देवळाच्या जोत्याचे फोटो काढून ग्रुपवर टाकले होते, तिथून ही सगळी कल्पना निघाली. सगळे खूश. फक्त अण्णा, म्हणजे तिचे वडील, पासष्टीला टेकलेले, ते म्हणले, "मी काय येत नसतो. काय हाय तिथं? पाणी हाय."

तिचा प्लॅन असा होता की अण्णांना न सांगता गाडीत घालून न्यायचं. सरप्राइज. नातवानं व्हिडिओ पण काढायचा ठरवलेलं. मी म्हटलं हे करू नकोस. ज्या माणसानं आयुष्यात एकदा त्याला न विचारता घर सोडलंय त्याला परत न विचारता तिथं नेऊन उभं करायचं, वर कॅमेरा लावायचा, ह्यात प्रेम असेल पण त्याला ते प्रेम वाटणार नाही. अण्णांना एकदा माझ्याकडं आणता येईल का विचारलं. गुडघ्याच्या डॉक्टरकडं जाता जाता आले ते.

पहिल्यांदा काही बोलले नाहीत, चहा घेतला, पावसाचं बोलले. मग स्वतःच म्हणले की 72 च्या दुष्काळात प्यायला पाणी नव्हतं, माय तीन कोसावरून हंडा आणायची, आन् तीन-चार वर्षांत तेच पाणी चुलीपर्यंत आलं मॅडम, आता ह्याला काय म्हणावं. मारुती बैलगाडीत घालून नव्या गावाला आणला. आज्याची समाधी मात्र तिथंच राहिली, ती कशी आणणार. आजी पुनर्वसनाच्या घरात वर्षभर पण जगली नाही. हे सगळं ते एका दमात बोलले आणि लेक तोंडाकडं बघत राहिली, कारण तिनं ह्यातलं निम्मं कधी ऐकलंच नव्हतं.

एक गोष्ट मला तिनं आधी सहज बोलता बोलता सांगितली होती. अण्णा दरसाल नाथषष्ठीला पैठणला जातात, दर्शन घेतात, प्रसाद घेतात, पण धरणावर कधी पाऊल ठेवलेलं नाही. लेकरं लहान असताना धरणाच्या पायथ्याचं ज्ञानेश्वर उद्यान बघायला सगळे गेले तेव्हाही हे एसटी स्टँडवर बसून राहिले. एवढी वर्षं इतक्या जवळ येऊन पाठ फिरवायची म्हणजे ते गाव विसरलेत असं कसं म्हणायचं.

पॉलिन बॉस नावाच्या अमेरिकेतल्या कुटुंब समुपदेशकांनी 1970 च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरच्यांबरोबर काम केलं. माणूस मेला असं खात्रीनं म्हणता येत नाही, आहे असंही म्हणता येत नाही, मग दुःख करावं तरी कसं, तर असं दुःख वर्षानुवर्षं तसंच अडकून पडतं, हे त्यांनी मांडलं. माझ्या बघण्यात धरणात गेलेल्या गावांचं बऱ्याचदा असंच असतं. गाव गेलं म्हणावं तर उन्हाळ्यात जोतं वर येतं, आहे म्हणावं तर श्रावणात परत पाणी. त्याचं दहावं नाही की तेरावं नाही. सरकारी कागदावर मोबदला मिळाला की प्रकरण बंद, माणसाच्या डोक्यात ते कुठं बंद होतंय. आणि म्हाताऱ्या माणसानं जुनं उगाळत बसू नये असं जे आपण घरात म्हणतो ना, ते पण जरा सोडून द्यायला पाहिजे, रॉबर्ट बटलर ह्या मानसोपचारतज्ज्ञानं 1963 मध्येच लिहून ठेवलंय की उतारवयात आयुष्याकडं असं वळून बघणं हे नैसर्गिक आहे, आजार नाही.

मग मी अण्णांना कोरा कागद दिला, म्हटलं गाव काढून दाखवा. चित्र नाही, नुसत्या रेघा. वेस काढली, मारुती काढला, चिंच, कुंभाराचं घर, नदीचा घाट, आणि मग बारवेपाशी, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीपाशी, अडकले. बारव वेशीच्या आत की बाहेर. पाच मिनटं झाली दहा झाली, कपाळाला आठी, आणि तोंडातून निघालं, "धाकट्याला ठावं आसंल."

खोलीत एकदम शांत. धाकटा म्हणजे सख्खा भाऊ, त्याच्याशी मोबदल्याच्या वाटणीवरून बोलणं बंद होऊन लई वर्षं झालेली. आणि गेट-टुगेदरला तोही येणार होता. म्हणजे अण्णा 'नाही' म्हणत होते त्यात पाणी होतं, आज्याची समाधी होती आणि भाऊही होता, अन् घरचे समजत होते की म्हातारपणी कंटाळा यायलाय. आपल्याकडं येणाऱ्या अशा बहुतेक घरांत मी हे बघितलंय, जागेची भीती वरून दिसते आणि खाली कुठलं तरी माणूस निघतं. कुणाला भाऊ, कुणाला सावत्र आई, कुणा बाईला माहेरी बोलवून हक्कसोडपत्रावर सही मागतील ही धास्ती (ती धास्ती काही खोटी नसते, अशा वेळी जेवून यावं, सही करू नये, कागद घरी आणून वकिलाला दाखवावा).

आम्ही दोन कामं वेगळी केली. गेट-टुगेदरला जायचं का ते अण्णांनी ठरवायचं, आणि जुन्या गावाला जायचं का हेही अण्णांनीच, पण वेगळ्या दिवशी. गेले तर सोबत फक्त लेक, सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत परत, गाडी जवळ उभी आणि 'चल माघारी' म्हणले की एक शब्द न बोलता माघारी. पाणी उतरलेल्या गाळात पाय कमरेपर्यंत रुततो, त्यामुळं तिथं गाळपेर करणारा माहितीतला कुणीतरी सोबत घ्यायचाच, आणि बीपीची गोळी चुकवायची नाही. व्हिडिओ बंद.

पंधरा दिवसांनी लेकीचा फोन आला. अण्णांनी धाकट्याला फोन लावला होता, बारवेचं विचारायला. दोन मिनटं बारवेवर बोलले, ख्यालीखुशाली नाही काही नाही, आणि ठेवला. बारव आतच होती म्हणे. नंतर लेकीबरोबर काठापर्यंत गेले, समाधीच्या अंदाजानं नारळ फोडला, घरी येऊन दोन रात्री झोप लागली नाही आणि बोलत सुटले. ती घाबरली होती. मी म्हटलं दोन-चार रात्री अशा जाणं, रडू येणं, एकदम गप्प होणं किंवा सारखं तेच तेच सांगणं, हे सगळं होतं. दोन आठवडे उलटून पण झोप नाही, जेवण तुटलं, 'आता जगून काय करायचं' असं बोलणं आलं तर मात्र थांबू नका, मानसोपचार डॉक्टरला दाखवा, रात्री-बेरात्री टेलीमानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट लागतो. आणि ज्यांना विसरण्याचा आजार लागलाय त्यांना अनोळखी झालेल्या जागी नेण्याआधी त्यांच्या डॉक्टरला विचाराच, ते तिथं जास्त गोंधळतात.

गेट-टुगेदरला अण्णा गेले. टी-शर्ट नाही घातला. धाकटा दुसऱ्या पंगतीत बसला. नकाशाचा कागद ग्रुपवर फिरला आणि त्यावर आता आत्याबाई म्हणायल्यात की चिंच चुकीच्या जागी काढली. मोबदल्याचा विषय जिथल्या तिथं आहे. लेकीनं विचारलं, आता तेवढं पण मिटवून टाकू का मी मधे पडून? मी म्हटलं नको, ते दोघांचं आहे, तू फार तर धाकट्या काकांना नकाशाची एक झेरॉक्स पाठव.