वर्षानुवर्षे पाहुणे: वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच प्रश्नाकडे वेगवेगळ्या वाटांनी येतात: आजच्या गोव्यात चर्चने माणसांना आपलेसे करायचे म्हणजे नेमके काय करायचे? म्हणून ती येथे एकत्र घेतली आहेत. पत्रे थोडी आवरून छापली असून नावे वगळली आहेत.

प्रश्न: आदरणीय फादर, मी वास्कोजवळच्या एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) साहाय्यक धर्मगुरू आहे. आमच्याकडे जुनी गोवेकर कुटुंबे आहेत आणि सिंधुदुर्ग, बेळगाव, झारखंड येथून कामासाठी आलेले पुष्कळ ख्रिस्ती लोक भाड्याच्या खोल्यांत राहतात. चर्चमध्ये सर्वांना जागा आहे, असे पोप फ्रान्सिस यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये लिस्बनला तरुणांपुढे ठासून सांगितले, तेव्हापासून आम्ही स्वागत समिती नेमली आहे. दर रविवारी दोघे जण दारात उभे राहतात, नव्यांची नावे लिहून घेतात आणि मिस्सेनंतर (चर्चमधील मुख्य उपासनेनंतर) चहा देतात. तरी नवे लोक दोन-तीन रविवार येतात आणि मग दिसेनासे होतात. आमचे कुठे चुकते?

उत्तर: प्रिय फादर, दारातले स्वागत चालूच ठेवावे, त्यात गैर काही नाही. मात्र आपली समिती या लोकांना पाहुणे समजते, आणि चर्चच्या कायद्याने ते पाहुणे नाहीतच. १९८३ च्या कॅनन संहितेनुसार एखादा कॅथॉलिक माणूस धर्मग्रामाच्या हद्दीत तीन महिने राहिला, किंवा निदान तितके राहण्याच्या इराद्याने आला, की तिथला प्रमुख धर्मगुरू हा त्याचा स्वतःचा धर्मगुरू ठरतो. म्हणजे जूनमध्ये झुवारीनगरच्या खोलीत राहायला आलेला वेल्डर सप्टेंबर संपण्याआधीच त्या धर्मग्रामाचा झालेला असतो, आणि तीन पिढ्या पुढच्या बाकावर बसत आलेल्या कुटुंबाचा धर्मगुरूवर जेवढा हक्क, तेवढाच त्याचाही असतो. त्याच संहितेने धर्मगुरूला कुटुंबांना भेटी देण्यास आणि त्यांतही गरीब, एकटे व आपल्या मुलखापासून दूर आलेले यांना मुद्दाम शोधून काढण्यास सांगितले आहे. नावे लिहिलेल्या त्या वहीचा उपयोग यासाठी व्हायला हवा. आलेल्यांची संख्या मोजून वही कपाटात जात असेल, तर नाव लिहून घेण्याचा त्रास कोणाला देऊ नये.

पुढच्या एखाद्या रविवारी वेदीवर न जाता शेवटच्या बाकांजवळ उभे राहून मिस्सा पाहावी, अशी माझी विनंती आहे. सावंतवाडीकडची एखादी बाई गायनाचे पुस्तक उचलते, शेजारणीचे पाहून पान काढते, दोन ओळींवरून नजर फिरवते आणि पुस्तक मिटून बाकावर ठेवते. तिला कोंकणी उत्तम कळते, कारण घरात ती मालवणी बोलते. शिक्षण मराठीतून झाल्याने तिला देवनागरी वाचता येते आणि आपली पुस्तके रोमी (रोमन) लिपीत आहेत, एवढाच काय तो अडथळा. पुढचा तासभर ती गप्प उभी राहते. लिपीचा हा गुंता गोव्यात नवा नाही; फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ओव्यांतले ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले तेही रोमी लिपीतच. मिस्सेतील प्रतिसाद, आमच्या बापाची प्रार्थना आणि त्या दिवसाच्या गायनांची ध्रुवपदे देवनागरीत छापलेला एक कागद दर बाकावर ठेवला, तर त्या बाईला तोंड उघडता येईल. याला एका झेरॉक्सपेक्षा अधिक खर्च नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. बंदरावर, जेटीवर, हॉटेलांत आणि सुरक्षारक्षकांच्या पाळीत काम करणाऱ्याला रविवारची सकाळ मोकळी मिळत नाही, आणि पर्यटनाच्या हंगामात तर मुळीच नाही. आदल्या संध्याकाळच्या मिस्सेने रविवारचे कर्तव्य पूर्ण होते, हे संहितेतच आहे. आपल्याकडे शनिवारची मिस्सा असेल, तर तिची वेळ पाळी सुटण्याच्या वेळेशी जुळते का, हे त्या लोकांनाच विचारून ठरवावे. कार्यालयाचेही तेच. सकाळी नऊ ते बारा उघडी असणारी खिडकी रोजंदारीवरच्या बापासाठी बंदच असते. तो मुलाच्या बाप्तिस्म्यासाठी अर्धा दिवस बुडवून आला आणि त्याला मूळ गावच्या धर्मगुरूंचे पत्र आणायला सांगून परत पाठवले, तर तो बहुधा पुन्हा येणार नाही. ते पत्र, समजा झारखंडातल्या गुमल्याहून, मागवण्याचे काम आपल्या कार्यालयाने करावे. दोन धर्मग्रामांमधला पत्रव्यवहार मजुराच्या डोक्यावर टाकणे मला अन्यायाचे वाटते.

आता मुख्य मुद्दा. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात जेरुसलेमच्या मंडळीत पहिली कुरकुर झाल्याचे आले आहे. रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार होती. प्रेषितांनी त्यांची समजूत काढण्यावर किंवा त्यांना रांगेत पुढे उभे करण्यावर भागवले नाही. वाटपाचे कामच त्यांनी सात जणांच्या हाती सोपवले, आणि त्या सातांची नावे पाहिली तर सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्यातल्या माणसांच्या हाती सर्वांच्या वाटपाचे काम गेले. आपल्या धर्मग्रामात हे कितपत घडले आहे, याचा विचार व्हावा. धर्मग्राम परिषदेत भाडेकरूंपैकी कोणी आहे का? नाताळच्या मदतीची यादी करणाऱ्यांत खोल्यांत राहणारी एखादी बाई आहे का? वाड्यावरच्या खुरसाकडे (क्रुसाकडे) मे महिन्यात लदिन (मारियामातेची गायनप्रार्थना) होते, तेव्हा यजमानपणाची पाळी फक्त घरमालकांचीच का असते? खोल्यांच्या रांगेतल्या लोकांना एका संध्याकाळचे यजमानपण देऊन पाहावे. मेणबत्त्या ते लावतील, चणे ते शिजवतील आणि जुन्या कुटुंबांनी त्यांच्या दारी जाऊन उभे राहावे. लहान ख्रिस्ती समुदायांच्या बैठकाही अशाच आळीपाळीने व्हाव्यात.

हे करताना जुन्या कुटुंबांवर राग धरू नये. त्यांची मुले पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेली आहेत, शेजारची घरे कुलुपात आहेत, आणि ज्या बाकावर भाऊ बसत असे तिथे आता अनोळखी माणूस बसलेला दिसतो. यात दुःख आहे आणि ते खरे आहे. कोंकणी मिस्सेबद्दलही त्यांना धास्ती असते. पोर्तुगीज सत्तेने १६८४ मध्ये फर्मान काढून जी भाषा दाबली, ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर वेदीवर आली, आणि आता सोयीसाठी तिला बाजूला सारले जाईल, असे त्यांना वाटते. माझे मत त्यांच्या बाजूचे आहे. कोंकणी मिस्सा कमी करू नये. महिन्यातून एखादी हिंदी किंवा मराठी मिस्सा अवश्य ठेवावी, पण तिच्यासाठी वेगळी परिषद, वेगळा जमाखर्च, वेगळे फेस्त (चर्चचा वार्षिक सण) असे होऊ लागले, तर एका छपराखाली दोन धर्मग्राम उभे राहतील आणि त्यांची एकमेकांशी गाठ पडणार नाही.

प्रश्न: सासष्टीतील आमच्या गावात कोन्फ्रारियेचे (चर्चच्या बंधुमंडळाचे) सभासदत्व काही ठरावीक घराण्यांकडेच आहे. मिरवणुकीत ओपा-मुर (सभासदांचा खास पोशाख) घालण्याचा मान आणि मुख्य फेस्ताचे यजमानपद आमच्यासारख्यांना मिळत नाही. बाहेरच्यांचे स्वागत करा असे प्रवचनात ऐकताना मन विटते. नवे विगार (धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू) चांगले आहेत, पण हा विषय काढला की ते गप्प होतात. आम्ही काय करावे?

उत्तर: आपले मन विटते हे रास्त आहे. सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यातल्याला पायाशी जागा देणाऱ्या मंडळीला याकोबाने आपल्या पत्रात दोषी ठरवले आहे, आणि करिंथला प्रभूच्या भोजनाच्या वेळी काही जण पोटभर जेवत असताना काही उपाशी राहत होते, तेव्हा पौलाने याहून कडक शब्द वापरले. भारतीय कॅथॉलिक बिशप परिषदेने २०१६ च्या आपल्या दलितविषयक धोरणात जातिभेद हे गंभीर सामाजिक पाप असल्याचे म्हटले आहे. तेव्हा आपले म्हणणे चर्चच्या शिकवणुकीला धरून आहे; जे तिच्याविरुद्ध आहे ते कोन्फ्रारियेच्या नियमांत आहे.

विगारांच्या गप्प राहण्यामागे भीती असेल, तशी एक व्यावहारिक अडचणही आहे. अशा संस्थांच्या घटना बिशपांच्या संमतीने चालतात आणि त्यांत बदल करायलाही तीच संमती लागते. म्हणून तोंडी तक्रार न करता, घटनेतील नेमक्या कोणत्या कलमामुळे कोणाला मज्जाव होतो हे लिहून, सह्यांचा अर्ज विगारांमार्फत धर्मप्रांताकडे पाठवावा आणि त्याची पोच घ्यावी. फेस्ताच्या तोंडावर हा विषय काढू नये, कारण तेव्हा दोन्ही बाजू हट्टाला पेटतात; पावसाळ्यातले महिने बरे.

विगारांनाही माझे सांगणे आहे. घटना बदलेपर्यंत वाट पाहण्याचे त्यांना कारण नाही. वाचन कोणी करायचे, अर्पणे वेदीपाशी कोणी आणायची, आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत वाटली जाणारी पवित्र भाकर) पोचवण्यासाठी कोणाची नावे सुचवायची, हे ठरवणे त्यांच्याच हाती असते. पवित्र गुरुवारी ज्यांचे पाय धुतले जातात त्यांची निवडही त्यांचीच, आणि २०१६ च्या बदलानंतर त्यांत स्त्रियाही घेता येतात. ती माणसे प्रत्येक वाड्यातून यावीत आणि यंदा सुरुवात मज्जाव असलेल्या वाड्यापासून व्हावी. गुडघे टेकून त्या घरच्या माणसाचे पाय धुणारा धर्मगुरू गावाला दिसला, की पुढच्या चर्चेचा सूर बदलतो.

प्रश्न: चर्चमध्ये मोठा पडदा, गिटार आणि मोबाइलवर थेट प्रक्षेपण आणले, तर तरुण परत येतील का?

उत्तर: थेट प्रक्षेपण अंथरुणाला खिळलेल्यांसाठी फार उपयोगी आहे, तेवढ्यासाठी ते जरूर करावे. तरुणांच्या बाबतीत माझी अपेक्षा माफक आहे. त्यांच्या वाट्याला खुर्च्या मांडणे, नाताळचा गोठा सजवणे आणि फेस्ताच्या दिवशी वाहतूक सांभाळणे एवढेच येते. निर्णय मोठी माणसे घेतात. प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक परिषद असावी असा चर्चचा नियम आहे. तिच्यात पंचविशीतली, हिशेबाची जाण असलेली एखादी मुलगी घ्यावी आणि तिच्या प्रश्नांना नीट उत्तरे द्यावीत. गिटार वाजवायची की नाही, ते तरुण मग स्वतःच सांगतील.

प्रश्न: मी डिचोलीची हिंदू मुलगी, माझे पती कॅथॉलिक आहेत. मी धर्म बदललेला नाही, पण सासूबाईंबरोबर रविवारी चर्चला जाते. एकदा मी सर्वांच्या मागोमाग ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत गेले आणि मला सर्वांसमोर बाजूला व्हायला सांगितले गेले. आता बाळाचा बाप्तिस्मा आहे आणि चर्चची पायरी चढताना पाय अडखळतात. माझी तिथे जागा काय?

उत्तर: भगिनी, आपल्याला ज्या रीतीने थांबवले गेले त्याचे मला वाईट वाटते. नियम मात्र मी आपल्यापासून लपवणार नाही. ज्याचा बाप्तिस्मा झालेला नाही त्याला ख्रिस्तप्रसाद देता येत नाही, आणि हा नियम कोणताही धर्मगुरू आपल्या मर्जीने शिथिल करू शकत नाही. ज्यांनी तो पाळायचा, त्यांनी तो आधीच, घरी येऊन, शांतपणे सांगायला हवा होता. लग्नापूर्वीच्या भेटींत ही गोष्ट निघायला हवी, कारण अशा विवाहाला बिशपांची खास सूट लागते आणि त्या निमित्ताने धर्मगुरू दोघांशी बोलतच असतात. त्या वेळी मुलांच्या बाप्तिस्म्यासाठी आपल्याकडून होईल ते करण्याचे वचन आपल्या पतींनी दिले असेल. आपल्याकडून तसे वचन घेतले जात नाही. पतींनी काय वचन दिले आहे हे आपल्याला कळवावे एवढीच अपेक्षा असते. ते कोणी कळवले नसेल, तर आज पतींना विचारावे.

आपली जागा सासूबाईंच्या शेजारी आहे. प्रसादाच्या वेळी बाकावरच बसून राहिलात, तरी त्यात कमीपणा नाही. काही चर्चमध्ये हात छातीवर दुमडून पुढे येणाऱ्याला आशीर्वाद देतात. तशी रीत सगळीकडे नाही, म्हणून आपल्या विगारांना आधी विचारावे. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला (मारियामातेला) लईराई देवीची बहीण मानून हिंदू भाविक तेल वाहायला जातात आणि ख्रिस्ती लोकांच्या बरोबरीने रांगेत उभे राहतात. गोव्याच्या चर्चला आपल्यासारखे लोक नवे नाहीत.

बाप्तिस्म्यासंबंधी दोन गोष्टी. तयारीच्या बैठकीला आपणही जावे आणि न समजलेले प्रत्येक वाक्य विचारावे, कारण विधीत आईवडिलांना प्रश्न विचारले जातात. आपण कोणती उत्तरे द्यायची आणि कोणती फक्त पतींनी द्यायची, हे आधी ठरलेले बरे. आणि डिचोलीहून आपल्या आईवडिलांना बोलवावे. त्यांच्यासाठी पुढच्या बाकावर जागा राखायला आणि विधीचा अर्थ मराठीत दोन मिनिटे सांगायला विगारांना पतींनी आजच विनंती करावी. त्या दिवशी सकाळी सांगितले, तर धावपळीत ते राहून जाईल.