नव्या नाण्याचा टंच

जुलै आला की माझ्या शाहूपुरीतल्या ऑफिसात रिटर्न भरणाऱ्यांची गर्दी होते. पूर्वी लोक पिशवीतून पतसंस्थेच्या ठेवपावत्या काढायचे. आता खिशातून मोबाईल निघतो आणि आवाज खाली येतो, "साहेब, हे जरा बघा की. घरात माहीत नाही." या महिन्यात सदराकडे आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून जास्त क्रिप्टोचे, म्हणजे इंटरनेटवरच्या कॉइनचे आहेत, म्हणून म्युच्युअल फंडवाल्यांनी एक महिना दम धरावा. आधी वाचकाचं पत्र, खाली माझं उत्तर.

हुपरी. माझा इथं पैंजणांचा छोटा धंदा आहे. मेव्हण्यानं कोल्हापुरात एका हॉटेलात सेमिनारला नेलं. नवीन कॉइन येणार आहे. आता प्री-सेलमध्ये, म्हणजे बाजारात यायच्या आधी, ४० पैसे; लिस्टिंग, म्हणजे बाजारात येताना, ४ रुपयांना. शिवाय माणूस आणला की १० टक्के कमिशन. २ लाख घालू म्हणतोय. घालू का?

घालू नका. कारणं सविस्तर देतो, मेव्हण्याला सांगायला लागतील.

तुमच्या हिशेबानं २ लाखांत ५ लाख कॉइन येतात आणि ४ रुपयांनी त्यांचे २० लाख होतात. हे ४ रुपये ठरवले कुणी? गूळ घेऊन मार्केट यार्डात आलेला शेतकरी सौदा निघायच्या आधी आपला भाव सांगू शकत नाही. घेणारा बोलतो तेव्हा भाव होतो. तुमच्या कॉइनला अजून घेणाराच नाही आणि भाव मात्र छापून तयार आहे. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी!

आता कॉइन तयार कसा होतो ते बघा. बिटकॉइनसारखी स्वतःची ब्लॉकचेन, म्हणजे असंख्य कॉम्प्युटरवर एकसारखी ठेवलेली व्यवहारांची वही, उभी करणं अवघड काम आहे. पण इथेरियम किंवा सोलानासारख्या तयार ब्लॉकचेनवर नवीन टोकन, म्हणजे कॉइन, काढायला कॉम्प्युटर इंजिनिअरही लागत नाही. नाव, चिन्ह आणि किती नग हवेत तो आकडा भरायचा, किरकोळ फी द्यायची. इकडे मिसळ मागवा, रस्सा टेबलावर यायच्या आत टोकन तयार. त्यामुळे "आमच्याकडे ब्लॉकचेन टेक्नॉलॉजी आहे" हे वाक्य सेमिनारमध्ये कितीही भारदस्त वाटलं तरी "आमच्याकडे लेटरहेड आहे" यापेक्षा त्याची किंमत जास्त नाही.

मग स्टेजवर 'मार्केट कॅप ४०० कोटी' असा आकडा झळकतो. हा आकडा कसा निघतो? समजा, मी १०० कोटी नग छापले आणि माझ्याच भाच्यानं त्यातले १० नग ४ रुपयांनी घेतले. शेवटचा भाव ४ रुपये, एकूण नग १०० कोटी, मार्केट कॅप ४०० कोटी. खरे पैसे आले ४० रुपये, तेही भाच्याचे.

विकायची वेळ आली की खरी गंमत. असले कॉइन बहुतेक वेळा एका सामाईक गल्ल्यातून विकले जातात. त्या गल्ल्यात एका बाजूला नवीन कॉइन असतात आणि दुसऱ्या बाजूला इथर (इथेरियमचं चलन) किंवा डॉलरशी बांधलेलं एखादं चलन, म्हणजे ज्याला बाहेर किंमत आहे असं काहीतरी. दोन्हींच्या प्रमाणावरून भाव निघतो. गल्ल्याची किल्ली कॉइन काढणाऱ्याकडेच राहिली असेल तर तो एका रात्रीत किमती बाजू उचलून नेतो. तुमचे ५ लाख कॉइन तुमच्या वॉलेटमध्ये जसेच्या तसे असतात, कुणीही चोरत नाही. फक्त समोर घेणारा उरत नाही. याला रग पुल, म्हणजे पायाखालची सतरंजी ओढणं, म्हणतात.

याच्याही पुढची पायरी म्हणजे घेता येतं पण विकता येत नाही असा कॉइन. २०२१ मध्ये एका गाजलेल्या कोरियन मालिकेच्या नावावर स्क्विड नावाचं टोकन आलं. काही दिवसांत ते एका सेंटच्या आसपासून २,८०० डॉलरच्या वर गेलं. लोक स्क्रीनशॉट काढून नाचले, पण विकायला गेले तर विकताच येईना. १ नोव्हेंबरला भाव शून्यावर आला आणि काढणारे पैसे घेऊन पसार झाले. विकण्यावरची अडवणूक प्रोग्राममध्येच लिहिलेली असते, आणि तो प्रोग्राम आपल्यापैकी कोण वाचतो?

"पण मागे मोठं नाव असेल तर?" असं मेव्हणे म्हणतील. १७ जानेवारी २०२५ ला डोनाल्ड ट्रम्प यांच्या नावाचा कॉइन निघाला. एकूण १०० कोटी नगांपैकी ८० कोटी त्यांच्याशी संबंधित कंपन्यांनी स्वतःकडे ठेवले, २० कोटी बाजारात सोडले. दोन दिवसांत भाव ७० डॉलरच्या वर गेला, एप्रिलमध्ये तो १० च्या खाली होता. नाव मोठं होतं, खरंही होतं. वर चढल्यावर घेणाऱ्यांना त्याचा काय उपयोग झाला?

तुम्ही चांदीची लगड घेताना टंच (शुद्धता) काढल्याशिवाय पैसे मोजता का? सख्ख्या भावानं आणली तरी काढता. इथं तेवढंच करा. एकूण नगांपैकी किती काढणाऱ्यांच्या हातात आहेत, ते त्यांना कधी विकता येणार आणि तुम्हाला कधी, हे लेखी मागा. प्री-सेलवाल्यांचे कॉइन बहुधा कुलूपबंद असतात, दर महिन्याला थोडे थोडे सुटतात. कुलूप फक्त तुमच्याच कॉइनला असेल, तर तुमची पाळी येईपर्यंत सौदा संपलेला असतो. आणि ते १० टक्के कमिशन? माणूस आणायला दहावा हिस्सा वाटायची ज्या मालाला गरज पडते, तो माल स्वतःच्या गुणावर विकला जात नाही एवढं धंदेवाल्याला तरी मी सांगायला नको.

गडहिंग्लज. आमच्या भिशीतल्या एका ताईंनी क्रिप्टो मायनिंगमध्ये पैसे लावलेत. महिन्याला ८ टक्के मिळतात, चार महिने वेळेवर आलेत. आम्ही सहाजणींनी त्यांच्यामार्फत घातले. आता त्या म्हणतात, तुम्हीही खाली माणसं जोडा. हे चालतं का?

ताई, चार महिने पैसे आले हीच मला सगळ्यात जास्त काळजीची गोष्ट वाटते. आवळा देऊन कोहळा काढायचा तर आवळा वेळेवरच द्यावा लागतो.

हा प्रयोग आपल्याकडे एकदा होऊन गेलाय. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेत अमित भारद्वाजनं दीड वर्ष दरमहा १० टक्के देण्याचं आश्वासन दिलं होतं, तेही मायनिंगच्याच नावावर. सुरुवातीला पैसे आले. मग बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचं त्यांचं स्वतःचंच टोकन लोकांच्या हातात ठेवलं, ज्याला बाजारात किंमत नव्हती. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी त्याला अटक केली, २०२२ च्या जानेवारीत तो वारला. प्रकरण पुढे सीबीआयकडे गेलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्येही छापे सुरूच होते. सात वर्षांनी छापे पडतात, म्हणजे पैसे परत यायला किती वेळ लागतो याचा अंदाज करा.

मायनिंग, म्हणजे यंत्रांवर व्यवहारांची नोंद करून बदल्यात नवीन बिटकॉइन मिळवणं, खरं असतं का? असतं. पण एप्रिल २०२४ पासून बिटकॉइनच्या एका ब्लॉकमागे (व्यवहारांच्या एका गठ्ठ्यामागे) ३.१२५ नवीन बिटकॉइन मिळतात, त्याआधी ६.२५ मिळत होते. विजेचं बिल, यंत्रांची झीज आणि जगभरातली स्पर्धा या सगळ्यावर ते गणित रोज बदलतं. असल्या धंद्यातून दर महिन्याला मोजून ८ टक्के निघत नाहीत. गोकुळला दूध घालणाऱ्यालाही प्रत्येक दहा दिवसांचं बिल सारखं येत नाही, म्हैस आटते, फॅट बदलते. सारखं बिल फक्त तिथंच येतं जिथं मागून येणाऱ्याच्या पैशातून पुढच्याला देतात.

आता माणसं जोडण्याचं. वनकॉइन नावाच्या परदेशी योजनेला तर धड ब्लॉकचेनसुद्धा नव्हती. तिची मुख्य सूत्रधार रुजा इग्नातोव्हा ऑक्टोबर २०१७ पासून बेपत्ता आहे. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये नवी मुंबईत सेमिनारमधून पोलिसांनी धरून नेली ती तिला नव्हे, इथली १८ माणसं. अनियंत्रित ठेव योजनांवर २०१९ चा केंद्राचा कायदा आहे, ठेवीदारांच्या हितासाठी महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहे, आणि योजनेचा प्रचार करणाराही कारवाईच्या कक्षेत येऊ शकतो. खाली माणूस जोडलात की तुम्ही फिर्यादीच्या रांगेतून उठून आरोपीच्या रांगेत बसता. शिवाय जोडणार कोण? नणंद, जाऊ, शेजारीण. ती नाती पुन्हा जुळत नाहीत.

मुद्दल आजच मागा. "सहा महिन्यांनी मिळेल" असं उत्तर आलं तर पावत्या, बँकेच्या नोंदी आणि व्हॉट्सॲपवरची बोलणी जपून ठेवा आणि सहाजणींनी मिळून पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत जा. त्या ताईंवर इतक्यात चिडू नका, बहुधा त्याही तुमच्यासारख्याच अडकल्या आहेत.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सर, तुम्ही सगळ्याच क्रिप्टोला एका मापात मोजता. २०१५ मध्ये वडिलांनी बिटकॉइन घेतलं असतं तर आज राजारामपुरीत बंगला असता. तुमच्या पिढीला टेक्नॉलॉजीची भीती वाटते का?

भीती वाटते, पण टेक्नॉलॉजीची नाही भावा, सुटून गेलेल्या बसमागं धावणाऱ्या माणसांची.

तुझं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. ३ जानेवारी २००९ पासून चालत आलेलं बिटकॉइन आणि परवा सेमिनारमध्ये जन्मलेला कॉइन एका पंगतीत बसवू नयेत. बिटकॉइनची संख्या कमाल २ कोटी १० लाख, नियम उघडे, प्री-सेल नव्हती आणि कुणी मेव्हण्याला कमिशन देत नव्हतं. पण घसरगुंडी त्यालाही आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते ६९,००० डॉलरच्या आसपास होतं, वर्षभरात १६,००० वर आलं. एफटीएक्स हे बडं एक्स्चेंज, म्हणजे कॉइन घ्यायचा-विकायचा ऑनलाइन बाजार, त्याच सुमारास दिवाळखोरीत गेलं, आणि चालवणाऱ्या सॅम बँकमन-फ्रीडला पुढे २५ वर्षांची शिक्षा झाली. नंतर भाव पुन्हा चढला, लाख डॉलरही ओलांडले. मधल्या वर्षात किती जणांनी दम धरला? २०१५ मध्ये घेतलेलं बिटकॉइन बंगला होईपर्यंत न विकणारा बाप मी तरी पाहिलेला नाही. बहुतेकांनी दुप्पट झाल्यावर विकून बुलेट घेतली असती.

मीही २०२१ च्या दिवाळीत एका कॉइनमध्ये १५,००० रुपये घातले होते, मुलाच्या नादानं. 'गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली' असं म्हणून. आज स्क्रीनवर २१२ रुपये दिसतात. हे गाजर मोडून खाताही येत नाही.

घ्यायचंच असेल तर स्वतःच्या कमाईतून, बुडाले तरी जेवण चुकणार नाही एवढेच. शिक्षणकर्जाचे हप्ते बाजूला काढून तर मुळीच नको. आणि एक्स्चेंजवर ठेवलेला कॉइन तुझ्या खिशात असतो असं समजू नकोस. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या आपल्याकडच्या एक्स्चेंजवर हॅकिंग होऊन सुमारे २३ कोटी डॉलरची मालमत्ता गेली, आणि लोकांचे पैसे वर्षाहून जास्त काळ अडकले.

इचलकरंजी. यंदा एका कॉइनमध्ये १ लाख २० हजार फायदा झाला, दुसऱ्यात दीड लाख तोटा. एकूण ३० हजार गेले, मग टॅक्स कशाचा?

फायद्याचा. १ लाख २० हजारांवर ३० टक्के म्हणजे ३६,००० आणि त्यावर ४ टक्के सेस, एकूण ३७,४४० रुपये. दुसऱ्या कॉइनचा तोटा यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. १ एप्रिल २०२२ पासून हाच नियम आहे. खरेदी किंमत सोडून दुसरा खर्चही धरता येत नाही, इंटरनेटचं बिल दाखवू नका. तुम्ही लूमच्या धंद्यातला तोटा या फायद्यासमोर उभा करायचा विचार करत असाल, तर तोही चालत नाही.

एक कॉइन देऊन दुसरा घेतला तरी कायद्यानं ती विक्रीच. "बँकेत पैसे आलेच नाहीत" हे उत्तर चालत नाही. जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो, तो तुमच्या फॉर्म २६-एएसमध्ये (कापलेल्या टॅक्सच्या उताऱ्यात) बघा आणि रिटर्नमध्ये जमा धरा. तिथं नोंद दिसते म्हणजे खात्यालाही दिसते, हे वेगळं सांगायला नको.

सरकार टॅक्स घेतं म्हणजे क्रिप्टो कायदेशीर झालं ना? आणि रिझर्व्ह बँकेचा कॉइन स्वस्तात बुक करता येतो असा मेसेज आलाय. (कागल)

टॅक्स घेणं म्हणजे मान्यता देणं नव्हे. रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्ये बँकांना क्रिप्टो व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं होतं, ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयानं ४ मार्च २०२० ला रद्द केलं. मार्च २०२३ पासून एक्स्चेंज मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आले आणि त्यांना वित्त मंत्रालयाच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते. घेण्या-विकण्यावर बंदी नाही, पण ते चलनही नाही आणि बुडालं तर बँकेतल्या ठेवीसारखं विम्याचं कवच नाही.

रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया १ डिसेंबर २०२२ पासून सर्वसामान्यांसाठी प्रायोगिक सुरू आहे. तो एका रुपयाला एक रुपयाच मिळतो. स्वस्तात रुपया विकणारा भेटला तर मेसेज पुसून टाका.

मी निवृत्त शिक्षक, रंकाळ्याजवळ राहतो. टेलिग्रामवरच्या एका ग्रुपनं ॲप दिलं. मी साडेतीन लाख घातले, ॲपमध्ये ११ लाख दिसतात. सुरुवातीला २ हजार काढले, ते खात्यात आले. आता सगळे काढायचे तर आधी १८ टक्के टॅक्स भरा म्हणतात. भरू का? मुलाला अजून सांगितलेलं नाही.

गुरुजी, एक रुपयाही भरू नका. टॅक्स सरकारला जातो, ॲपवाल्याच्या खात्यावर नाही, आणि काढायच्या रकमेतून तो कापून घेता आला असता. ते ११ लाख म्हणजे कुणीतरी टाइप केलेला आकडा आहे. १८ टक्के भरलेत तर पुढे 'व्हेरिफिकेशन फी' येईल, मग आणखी काही.

आत्ताच १९३० ला फोन करा. पैसे समोरच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त असते. तुमचे हप्ते जुने असतील, पण शेवटचा कधी भरला ते बघा. ॲप काढून टाकू नका, ग्रुपही सोडू नका, स्क्रीनशॉट घ्या. ज्या ज्या खात्यावर किंवा यूपीआयवर पैसे पाठवले त्या नोंदी बँकेतून छापून घ्या आणि सायबर पोलीस ठाण्यात जा. "आम्ही तुमचे पैसे परत काढून देतो" असं म्हणणारा फोन आठवड्याभरात येईल, तोही त्यांचाच.

आणि मुलाला आज रात्री जेवायच्या आधी सांगा. बँकेत आणि पोलीस ठाण्यात तुमच्यासोबत कुणीतरी लागेल. तो बाहेरगावी असेल तर माझ्या ऑफिसात या, दुपारी चारनंतर मी असतो.