नेमबाजी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : माझी मुलगी बेळगावच्या एका क्लबमध्ये दोन वर्षांपासून १० मीटर एअर रायफल खेळते आणि आता ५० मीटरच्या पॉइंट २२ (०.२२ इंची) रायफलीचा सराव सुरू करते आहे. माझा मामेभाऊ अमेरिकेत असतो. तो आपली काडतुसे घरीच भरतो आणि त्यामुळे त्याचा ग्रुप (लक्ष्यावर गोळ्या जेवढ्या घेरात पडतात तो घेर) निम्म्यावर आला असे सांगतो. आपल्याकडे हे करता येईल का? नसेल, तर अचूकतेसाठी आम्ही काय करावे?
— एक पालक, निपाणी

उत्तर : आपल्या मामेभावाचे म्हणणे खरे असू शकते, पण ते ज्या काडतुसांच्या बुडाशी मध्यभागी प्राइमर (दारू पेटवणारी छोटी टोपी) असतो त्यांच्यापुरते. असे काडतूस उडाल्यावर जुना प्राइमर काढून नवा बसवता येतो आणि पितळी कोश पुन्हा भरता येतो. पॉइंट २२ च्या काडतुसात पेट घेणारे मिश्रण बुडाच्या काठातच भरलेले असते. रायफलीची पिन तो काठ चेपते तेव्हाच ते पेटते, आणि चेपलेला काठ पुन्हा कामाचा राहत नाही. त्यामुळे आपल्या मुलीच्या प्रकारात हा प्रश्न तांत्रिकदृष्ट्याच संपतो. कायद्याचे म्हणाल, तर शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. हौस म्हणूनसुद्धा घरी बंदुकीची दारू हाताळू नये, हे मी कळकळीने सांगतो.

तरीही आपला भाऊ नेमके काय करतो हे समजून घेण्यासारखे आहे. तो एकाच बनावटीचे कोश निवडतो, प्रत्येक कोशात दारू तोलून घालतो, गोळी किती खोल बसवायची ते ठरवून घेतो, आणि यांपैकी एका वेळी एकच गोष्ट बदलून ग्रुप तपासतो. हा सगळा खटाटोप प्रत्येक गोळी आधीच्या गोळीसारखीच सुटावी यासाठी असतो. पॉइंट २२ ची सुमारे २.६ ग्रॅमची गोळी नळीतून सेकंदाला साधारण ३२५ मीटर वेगाने निघते, आणि ५० मीटर अंतर कापेपर्यंत गुरुत्वाकर्षणामुळे जवळजवळ साडेबारा सेंटीमीटर खाली येते. वेगात सेकंदाला केवळ ५ मीटरचा फरक पडला, तर ती सुमारे ४ मिलिमीटर वर किंवा खाली लागते. लक्ष्यावरचे दहाचे वर्तुळ मात्र १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. हात कितीही स्थिर असला तरी हा फरक भरून काढता येत नाही.

आपल्याला काडतूस भरता येत नाही, पण निवडता नक्की येते. डब्यावर छापलेला लॉट क्रमांक, म्हणजे एकाच वेळी तयार झालेल्या काडतुसांच्या गटाचा क्रमांक, पाहावा. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांचे दोन लॉट एकाच नळीतून वेगळे वागतात, आणि एका रायफलीला मानवलेला लॉट शेजारच्या रायफलीला मानवेलच असे नाही. परदेशात एली या काडतूस कंपनीच्या बर्मिंगहॅममधील आणि लापुआ या दुसर्‍या काडतूस कंपनीच्या जर्मनीतील शोनेबेक येथील चाचणी केंद्रांत खेळाडू आपली रायफल घेऊन जातात आणि वेगवेगळे लॉट तिच्यातून तपासून घेतात. आपल्याकडे क्लबमधल्या चार-पाच पालकांनी मिळून दोन-तीन लॉटचे थोडे थोडे डबे घ्यावेत, प्रत्येक रायफलीवर तपासावेत आणि मगच जो लॉट जमेल त्याचे वर्षभराचे डबे एकदम घ्यावेत. तपासून घेतलेला लॉट हंगामाच्या मध्येच संपला, तर केलेले सगळे कष्ट वाया जातात.

प्रश्न : मी एअर रायफलसाठी ४.५० आणि ४.५१ मिलिमीटर अशा दोन मापांच्या पेलेटचे (शिशाच्या छर्रांचे) तीन-तीन छर्‍यांचे ग्रुप घेतले. ४.५१ चा ग्रुप लहान आला म्हणून तेच पेलेट घेतले, पण स्पर्धेत गुण कमी पडले. माझे कुठे चुकले?
— अकरावीतील एक विद्यार्थी, खानापूर

उत्तर : पहिली चूक म्हणजे छर्रे फार कमी. तीन छर्रे एकत्र पडणे हा पुष्कळदा निव्वळ योग असतो. दुसरे असे, की तू बहुधा खांद्यावरून नेम धरून चाचणी केली असशील. तशा चाचणीत पेलेटबरोबर तुझा श्वास आणि तुझा ट्रिगरही मोजला जातो. रायफल व्हाइसमध्ये (पकडून ठेवणार्‍या शिकंजात) पक्की बसव. नळीत आधीच्या पेलेटचे शिसे चिकटलेले असते, म्हणून नव्या पेलेटचे पंधरा-वीस छर्रे आधी नुसतेच उडव. रायफलीच्या सिलिंडरमधल्या हवेचा दाब दरवेळी सारखा ठेव. मग पहिल्या मापाचे दहा, दुसर्‍या मापाचे दहा, पुन्हा पहिल्याचे दहा असे आलटून पालटून ग्रुप घे. छर्रे वाढले की ग्रुप मोठा होतोच, त्यामुळे तीनच्या ग्रुपची तुलना दहाच्या ग्रुपशी कधीही करू नकोस.

ग्रुप व्हर्नियरने (बारीक मापे घेणार्‍या मोजपट्टीने) बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोज आणि त्यातून पेलेटचा व्यास, म्हणजे ४.५ मिलिमीटर, वजा कर. आता प्रत्येक छर्‍याचे गुण दशांशात मोजतात, आणि १० मीटरच्या लक्ष्यावर ०.१ गुण म्हणजे मध्यापासून पाव मिलिमीटर. म्हणून दोन मापांतला फरक एक-दोन दशांश मिलिमीटरचाच असेल, तर चाचणी दुसर्‍या दिवशी पुन्हा कर. क्रम उलटला, तर दोन्ही पेलेट तुझ्या नळीला सारखेच आहेत असे समज आणि जे नियमित मिळते ते घे.

एक साधी तपासणी मला बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागातल्या एका फिटरने शिकवली. काच किंचित तिरकी धरायची आणि तिच्यावरून पेलेट एकेक करून घरंगळवायचे. चांगले पेलेट एकाच वळणाने आणि एकाच जागी उतरतात, तर मागच्या पोकळ घेराला पोचा आलेले पेलेट लडखडत भलतीकडे जाते. त्या दिवशी एका डब्यातली सात पेलेट अशी बाजूला पडली आणि नुसत्या डोळ्यांना त्यांतल्या दोहोंचाच पोचा दिसत होता. डबा हातातून पडला असेल, तर ही तपासणी नक्की कर.

प्रश्न : पावसाळ्यात पेलेटवर पांढरी भुकटी धरते. ती पुसून पेलेट वापरावीत का?
— एक वाचक, चिकोडी

उत्तर : स्पर्धेसाठी वापरू नयेत. ओल्या हवेत शिसे गंजल्यामुळे ती भुकटी तयार होते. ती विषारी आहे, म्हणून फुंकून उडवू नये आणि लहान मुलांच्या हाती डबा देऊ नये. आपल्याकडे जून ते सप्टेंबर डबे घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावेत. सराव झाल्यावर काही खाण्याआधी हात साबणाने स्वच्छ धुवावेत.