दहावीच्या मुलांनाच ठाऊक नव्हतं

वाचकांचे प्रश्न. उत्तरं देताहेत गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या मुख्याध्यापिका. कोविडनंतरचं पहिलं अख्खं शालेय वर्ष, २०२२-२३, संपलं तेव्हाची ही उत्तरं. त्या वर्षाविषयी आलेल्या पत्रांतली ही काही.

बाई, मुलगा यंदा पाचवीतून सहावीत गेला. तोंडी विचारलं तर घडाघडा सांगतो, पण एकही पेपर पुरा लिहून होत नाही. अक्षर म्हणाल तर कोंबडीचे पाय. ट्यूशन लावू का?
एक आई, केरी-सत्तरी

ट्यूशन नको. आधी जरा हिशेब मांडू. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तुमचा मुलगा दुसरीत होता. तिसरी घरात गेली, चौथीही जवळजवळ घरातच. २०२२ च्या २१ फेब्रुवारीला सगळे वर्ग पुन्हा भरले. विधानसभेचं मतदान होऊन आठवडाच झाला होता, आमच्या भिंतींवर बूथचे बाण तसेच होते. त्यातून चौथीचे उरलेसुरले दिवस काय ते हाती लागले आणि जूनमध्ये पोर हायस्कुलात. गोव्यात हा उंबरठा तसाही उंच. चौथीपर्यंत बहुतेक सरकारी शाळांत मराठी नाहीतर कोकणी, आणि पाचवीला बहुतेक ठिकाणी एकदम इंग्रजी माध्यम. दरवर्षी मुलं तिथं ठेचकाळतात, पण निदान हात सरावलेला असतो. या बॅचचा हातच सरावलेला नव्हता.

जूनमध्ये मी पाचवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसायचे. फळ्यावर 'एन्व्हायर्नमेंट' लिहिलेलं होतं. माझ्या शेजारच्या मुलीनं मान वर केली, एक अक्षर बघितलं, मान खाली, ते लिहिलं. पुन्हा मान वर. इंग्रजीत त्या शब्दाची अक्षरं अकरा, आणि मानही तितक्याच वेळा वर. मधेच ती 'एन' कुठला, पहिला की दुसरा, याच्यात हरवली. तोवर टीचरनं फळा पुसला. घरी असताना टीचरनं पाठवलेला फोटो मोबाइलवर तसाच राहायचा, हवा तेव्हा उघडा आणि उतरवा. पुसला जाणारा फळा या मुलांनी दोन वर्षं बघितलाच नव्हता. म्हणजे अक्षर वाईट हे वरचं दुखणं. खरी गोष्ट अशी की शब्द अख्खा डोक्यात धरून मग कागदावर ठेवायची सवयच लागलेली नाही.

आम्ही पहिल्या तासाची पहिली काही मिनिटं श्रुतलेखनाला दिली. पाचच ओळी. टीचर एक वाक्य वाचणार, मुलं ऐकणार, मग लिहिणार. वाक्य परत सांगायचं नाही. सुरुवातीला गोंधळ झाला, एक-दोघं रडलीसुद्धा. दिवाळीनंतर पेपर पुरे व्हायला लागले, सगळ्यांचे नाही, पण पुष्कळांचे. हे घरी तुम्हालाही जमेल. वर्तमानपत्रातलं एक वाक्य वाचा आणि त्याला लिहू द्या. मराठीतलं चालेल. हात एकदा चालू लागला की तो कुठल्याही भाषेत चालतो. अक्षर सुंदर यावं म्हणून मागे लागू नका, वाचता आलं म्हणजे झालं.

आणि एकदा डोळे तपासून घ्या. फळा दिसत नाही हे मुलाला स्वतःला कळत नाही, त्याला वाटतं सगळ्यांना असाच दिसतो. एरवी पोर डोळे बारीक करतंय हे वर्गशिक्षिकेच्या नजरेला येतं. दोन वर्षं त्याच्याकडे बघणारंच कुणी नव्हतं. आमच्याकडे या वर्षी कितीतरी 'ढ' मुलं चष्मा लागल्यावर ढ राहिली नाहीत.

मुलांचा अभ्यास दोन वर्षं बुडाला हे सगळेच सांगतात. मग सरस्वती पूजन, स्नेहसंमेलन, सहल यांत शाळांनी यंदा इतके दिवस का घालवले? माझी नात नाचाच्या तालमीतून घरी येते ती थकून झोपते.
निवृत्त कारकून, डिचोली

काका, रागावू नका, पण या प्रश्नाची मी वाट बघत होते. पालक सभेत हाच प्रश्न जरा तिखट आवाजात विचारला गेला होता.

सरस्वती पूजनाचंच सांगते. गोव्यात नवरात्रातलं शाळेचं सरस्वती पूजन म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. आमच्याकडे ते मुलंच करतात, आम्ही फक्त वर्गणीचा हिशेब बघतो आणि प्रसाद पुरेल ना याची काळजी करतो. यंदा सप्टेंबरात दहावीच्या मुलांना बोलावून म्हटलं, चला, कामाला लागा. ती एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. एक जण म्हणाला, "टीचर, कितें करपाचें?"

मला आधी हे आळशीपणाचं वाटलं. मग बोटं मोजली. ही दहावी शेवटचं धड वर्ष शाळेत होती ती सातवीत. सातवीची मुलं पूजनाला काय करतात? खुर्च्या उचलतात आणि प्रसादाच्या रांगेत दोनदा उभी राहतात. मखर कसं बांधायचं, त्याच्या पट्ट्या माळ्यावर कुठल्या कोपऱ्यात असतात, केळीचे खुंट कुणाच्या कुळागरातून, म्हणजे बागायतीतून, मागायचे, आरतीला कुणी कुठं उभं राहायचं, हे आठवीला नववी दाखवते आणि नववीला दहावी. २०२०ची दहावी गेली, २०२१ची तर परीक्षाच रद्द होऊन निकाल हातात घेऊन गेली. २०२२ची जेमतेम भेटली न भेटली तोच गेली. तिन्ही बॅचना ठाऊक होतं. सांगायला समोर कुणी नव्हतं.

घुमट या मडक्याच्या वाद्याचं तर विचारूच नका. राज्याचं वारसा वाद्य म्हणून २०१९ मध्ये त्याचा मान झाला, पण आमची घुमटं दोन पावसाळे कपाटात पडून होती. काढली तर चामड्यावर बुरशी आणि आवाज ओल्या पुठ्ठ्यासारखा. चामडं उन्हात धरून तापवायचं असतं हेही मुलांना माहीत नव्हतं. शिपाईमामांनी एकाचं मडकं साफ करून घेतलं, नवं चामडं चढवलं. मग गावातला एक माजी विद्यार्थी, आता बाराजणांच्या आरतीच्या पथकात वाजवतो, तो संध्याकाळी येऊन बसू लागला. आठवीतली दोन पोरं त्याच्याकडून शिकली. मुद्दाम आठवीतली घेतली, कारण ती अजून दोन वर्षं इथंच आहेत.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. शाळेत शिक्षक जेवढं शिकवतात तेवढंच, कदाचित जास्तच, मोठी मुलं लहानांना शिकवतात. कुठल्या टीचरपुढे कशी वही ठेवायची. शेवटच्या बसला जागा कशी धरायची. खो-खोचे खांब कुठं रोवायचे. पावभाजीच्या रांगेत घुसणाऱ्याला कुणी कसं मागे ढकलायचं, तेही. याचा पोर्शन कुठल्या पुस्तकात नाही आणि यावर ऑनलाइन तासही होत नाही. ही साखळी आमच्या डोळ्यांदेखत तुटली होती. ती जोडायला आठवीच्या हाताला दहावीचं काम द्यावं लागतं, आणि त्याला दिवस लागतात. ते दिवस मी दिले. पुढच्या वर्षीही देणार आहे, पालक सभेला जे म्हणायचं ते म्हणू दे.

मात्र तालमीचं तुमचं म्हणणं मान्य. नाच बसवायला बाहेरून माणूस आणून मुलांना संध्याकाळी उशिरापर्यंत थांबवणं मलाही पटत नाही. नातीच्या टीचरना स्पष्ट सांगा.

मोबाइल तुम्हीच हातात दिलात. आता सुटत नाही, त्याचं काय?
एक वडील, फोंडा

दिला खरा. दुसरं काय देणार होतो? आमच्या भागात तर तो देऊनही भागत नव्हतं. रेंजसाठी मुलं डोंगरावर चढत होती. काही पोरं काजूच्या बागेत फोन घेऊन बसायची, त्यांचा भूगोल कच्चा राहिला आणि बोंडांचा हिशेब पक्का झाला. २०२१ च्या जुलैतल्या पुरात काही घरांत पुस्तकं आणि फोन दोन्ही एकदमच भिजले.

पण ते तेव्हा. यंदा जूनमध्ये आम्ही वर्गांचे अभ्यासाचे ग्रुप बंद केले. गृहपाठ फळ्यावर, तिथून डायरीत. विसरला तर मित्राला विचारायचं, त्याच्या घरी चालत जाऊन. काही पालकांनीच फोन केले, "ग्रुपवर टाका ना, आम्हाला बरं पडतं." पोराच्या हातातून फोन सुटावा असं म्हणणाऱ्यांतलेच काही जण होते ते. तुम्ही त्यांच्यातले नसाल अशी आशा. तुमच्या मुलाच्या शाळेत असा ग्रुप अजून चालू असेल तर पालक-शिक्षक संघात तो विषय काढा. घरापुरतं म्हणाल तर जेवताना फोन नाही, आणि हा नियम तुम्हालाही लागू.

मी एका हायस्कुलात गणित शिकवते. वरून सांगतात, मागचं भरून काढा. आणि पोर्शनही वेळेत संपला पाहिजे. दोन्ही कसं करायचं?
एक शिक्षिका, पेडणे

दोन्ही होत नाही. ज्या शाळा झालं म्हणतात, त्यांच्या वह्या बघायला मिळाल्या तर जरूर बघा.

आमच्याकडे गणिताच्या दोन टीचर आहेत. त्यांनी जूनमध्ये ठरवलं की आठवीचं पुस्तक काही आठवडे उघडायचंच नाही. भागाकार, अपूर्णांक, दशांश, एवढंच. अपूर्णांकाला पाव आणला, उंडो. आठवीतल्या धटिंगणांना चाकूनं पाव कापायला लावलं. आधी हसले, मग अर्ध्याचा अर्धा म्हणजे पाव हे त्यातल्या काहींना खरोखरच तेव्हा कळलं. आठवीत! सहावीचं वर्ष मोबाइलवर गेलेली मुलं ही. त्यानंतर बीजगणित जरा पळालं. तरी शेवटचे दोन धडे राहिले. ते राहू दिले आणि नववीच्या टीचरना लिहून दिलं की एवढं झालेलं नाही, तिथून सुरू करा. हे लिहून देणं महत्त्वाचं. नाहीतर नववीची टीचर गृहीत धरते आणि पुन्हा तेच.

दहावीला ही सोय नव्हती. २०२२-२३ मध्ये बोर्डाची परीक्षा दोन टर्ममध्ये होती, नोव्हेंबर आलाच. तिथं पोर्शन संपवणं भाग होतं आणि आम्ही तो संपवला, थोडा रेटून. त्याचं समाधान वाटत नाही. मार्चमध्ये तर म्हादई अभयारण्याच्या रानात वणवे पेटलेले, वर उष्मा इतका की दोन दिवस दुपारच्या आतच शाळा सोडायचा आदेश आला. उजळणीचे तेवढे तासही गेले.

टीचरना वरून भरायला येणारे फॉर्म मात्र कमी करणं माझ्या हाती नाही. ते मी टीचरना न देता ऑफिसात बसून भरते. तुमच्या हेडना हे सुचवून बघा.

मी नववीत जाणार आहे. अजून मास्क लावते. सगळे चिडवतात, 'कोविड गेला गो!' मला कोविडची भीती नाही. तोंड दाखवायला कसंतरीच वाटतं. मी काय करू?
एक विद्यार्थिनी (गाव लिहिलेलं नाही)

बाळ, तू एकटी नाहीस. आमच्या शाळेत यंदा अशा बऱ्याच मुली होत्या आणि काही मुलगेही, फक्त ते कबूल करत नाहीत. पाचवीत घरी गेलीस तेव्हा चेहरा एक होता, परत आलीस तेव्हा दुसराच. मुरमं, दातांना तार, मुलग्यांना मिशीची रेघ. एरवी हे सगळ्यांच्या देखत हळूहळू होतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. तुमचं ते मास्कच्या आत झालं.

एक मुलगी दुपारच्या खाण्याला भिंतीकडे तोंड करून बसायची. मी टीचरना सांगितलं होतं, कुणीही मास्क काढ म्हणायचं नाही. तिला पीटीच्या सरांनी रिलेच्या टीममध्ये घेतलं. धावताना मास्क लावून दम लागतो, तर तिथं तो तिनं आपणच खाली ओढला. वर्गात परत वर. बरेच दिवस असंच चाललं, मैदानावर खाली आणि वर्गात वर. कुणी काही बोललं नाही. चतुर्थीच्या सुट्टीनंतर ती वर्गातही तसाच हनुवटीवर ठेवून बसायला लागली, पुढं कधीतरी आणायची विसरली.

तर घाई करू नकोस. जिथं श्वास लागतो किंवा हसू येतं अशी एखादी जागा निवड: खेळ, गाणं, फुगडी, काहीही. तिथं आधी काढ. चिडवणाऱ्यांना उत्तर देऊ नकोस, त्यांना कंटाळा येतो. आणि तुझ्या वर्गशिक्षिकेला हे पत्र लिहिलंस तसंच चार ओळींत लिहून दे, समोर बोलवत नसेल तर. तिला वाटत असेल तुला सर्दी आहे.